आधी नोकरी, मग ट्रेनिंग

प्रश्न : ताई, माझा भाऊ २६ वर्षांचा आहे, बौद्धिक अपंगत्व बरंच आहे, बोलणं कमी. ७ वर्षं झाली नुसतं ट्रेनिंग चालू आहे, विचारलं की म्हणतात अजून तयार नाही. त्याला कधी खरी नोकरी मिळेल का हो?

उत्तर : मिळू शकते, आणि ते "अजून तयार नाही" वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण सपोर्टेड एम्प्लॉयमेंटचा, म्हणजे सोबतीला माणूस देऊन खऱ्या नोकरीत टिकवायच्या पद्धतीचा, सगळा पायाच उलटा आहे, आधी कामाला लावायचं आणि मग तिथेच शिकवायचं. अमेरिकेत १९८६ सालीच हे कायद्यात आलं, ते सुद्धा जास्त अपंगत्व असलेल्यांसाठीच. यात एक जॉब कोच असतो, तो आधी भावासोबत वेळ घालवून त्याला काय आवडतं, कशात रमतो, कुठल्या आवाजाने त्रास होतो हे बघतो, मग तसं काम शोधतो आणि जागेवर सोबत राहून कामाचे बारीक तुकडे करून शिकवतो, गरज पडली तर प्रत्येक तुकड्याचा फोटो समोर लावून. जमायला लागलं की हळूहळू मागे सरकतो, पण पूर्ण सोडून जात नाही, कारण साहेब बदलला किंवा काम बदललं की परत गाडी अडते.

पगार मात्र बाकीच्यांसारखाच हवा, यावर अडून बसा. अशी नोकरी लावून देणाऱ्या संस्थेत जाल तेव्हा पहिलं हेच विचारा, नोकरी लागल्यावर किती दिवस सोबत देता? आणि भावाला काय आवडतं ते आजपासूनच वहीत लिहायला घ्या, तुमच्याइतकं ते कोणालाच माहीत नाही.