छोट्या स्वतंत्र शाळेत मुलांचा दिवस कसा जातो? ॲक्टिव्हिटीज पुरेशा असतात का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी अकरा वर्षांची आहे, बुजरी आहे, नव्वदेक मुलांच्या एका शाळेत घालायचं मनात आहे पण तिथली ॲक्टिव्हिटीजची यादी मोठ्या शाळेच्या मानाने अगदीच छोटी दिसते, म्हणून धाकधूक वाटते. मी अशाच एका शाळेत नऊ वर्षं शिकवलंय. कुठल्या साखळीतली नाही, स्वतःचं स्वतः चालवणारी, पहिली ते दहावी मिळून चौऱ्याऐंशी मुलं, कधी नव्वद. तर जे रोज बघितलं तेच सांगते.

आधी यादीचं. यादी छोटीच असते, ते खरंच आहे. मोठ्या शाळेत तीस प्रकार असतील तर इथे आठ-दहा. पण यादीत किती आहे हे बघण्यापेक्षा त्यातलं तुमच्या मुलीच्या वाट्याला काय येणार ते बघा. हजार मुलांच्या शाळेत नाटक एक, त्यात पात्रं पंधरा, बाकीचे सगळे खुर्चीवर बसून बघणार. आमच्याकडे नाटक बसवायचं म्हटलं की पात्रं, पडदा, लाईट्स, कपडे, प्रॉम्प्टिंग, खुर्च्या मांडणं, असं सगळं धरून कामं जास्त आणि मुलं कमी अशी अवस्था, मग ज्याला जमत नाही त्यालाही "ये रे, हे धर" म्हणून ओढायलाच लागतं. ह्यावर जुना अभ्यासही आहे, रॉजर बार्कर आणि पॉल गम्प ह्या दोघांनी अमेरिकेत कॅन्सासमधल्या लहान-मोठ्या हायस्कूलांचा केलेला, 1964 साली प्रसिद्ध झाला. त्यांना हेच दिसलं की मोठ्या शाळेत उपक्रम जास्त होते पण छोट्या शाळेत प्रत्यक्ष जबाबदारीची कामं करणाऱ्या मुलांचं प्रमाण जास्त होतं. आणि त्याच लोकांच्या कामातून पुढे असंही दिसलं की जी मुलं अभ्यासात मागे असतात, मोठ्या शाळेत ज्यांना कोणी विचारत नाही, त्यांनाही छोट्या शाळेत "तू पाहिजेस" असं वाटायला लावलं जातं. मला हे वाचताना आमचा वर्गच डोळ्यासमोर आला.

बुजरेपणाबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आमच्याकडे सहावीत एक मुलगा आला, दोन-दोन दिवस तोंडातून शब्द नाही. त्याच्याकडे घंटा दिली. बस, घड्याळ बघायचं आणि घंटा द्यायची. तो दहावी होईपर्यंत बोलका झाला नाही, स्टेजवर कधी गेला नाही, आणि आम्ही त्याला ढकललंही नाही. पण तो आजारी पडला त्या दिवशी मधली सुट्टी दहा मिनिटं उशिरा झाली, आणि दुसऱ्या दिवशी पहिलीतल्या पोरांपासून सगळ्यांनी त्याला विचारलं, काल कुठे होतास. एवढंच. छोट्या शाळेत मूल धीट होईल ह्याची खात्री मी देणार नाही, कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. ते आलं नाही तर सगळ्या शाळेला कळतं, एवढं मात्र नक्की.

दिवस कसा जातो म्हणाल तर सकाळी परिपाठ, तो मुलंच घेतात, आठवड्याला एक वर्ग. मग दुपारपर्यंत तास. आमच्याकडे दोन इयत्ता एकत्र बसायच्या, आधी नाइलाज म्हणून, शिक्षक कमी होते, पण नंतर त्याचा फायदाच दिसायला लागला. मारिया माँटेसरीने 1907 साली रोममध्ये पहिलं बालघर काढलं आणि पुढे तिच्या पद्धतीत तीन-तीन वर्षांच्या वयाची मुलं एकत्र ठेवतात, ते काय उगाच नाही. पाचवीचं मूल चौथीच्या मुलाला भागाकार समजावतं तेव्हा खरं तर त्याचा स्वतःचाच पक्का होतो. दुपारनंतर बागकाम, सुतारकाम, लायब्ररी, खेळ, भित्तिपत्रक, ज्याचा जो वार असेल ते. वर्ग झाडणं, फळा पुसणं, पुस्तकांची नोंद ठेवणं हेही मुलांकडेच, ते यादीत कुठे छापलेलं नसतं पण मुलं सगळ्यात जास्त त्यातच रमतात.

खेळात अडचण येते, हे लपवत नाही. फुटबॉलची अकराची टीम एका वयोगटात जमतच नाही. मग नियम बदलायचे. अमेरिकेत नेब्रास्कात 1934 साली स्टीफन एपलर नावाच्या शिक्षकाने त्यांच्या त्या अमेरिकन फुटबॉलचा सहा जणांचा प्रकार काढला तो ह्याच कारणाने, छोट्या शाळांकडे अकरा पोरं नव्हती, आणि तो अजून खेळला जातो. आम्हीही पाच-पाच जणांचे खेळायचो, मुलं-मुली एकत्र. पण तुमच्या मुलीला एखाद्या खेळात खरंच वरच्या पातळीवर जायचं असेल तर शाळेबाहेर क्लब बघावा लागेल, शाळा पुरी पडणार नाही.

आठवड्यातून एकदा सभा असायची, मुलं आणि शिक्षक एकत्र. ही कल्पना नवीन नाही, ए. एस. नील ह्यांनी 1921 साली सुरू केलेल्या समरहिल शाळेत, आता ती इंग्लंडमध्ये सफोकला आहे, लहान मुलाच्या आणि मोठ्या माणसाच्या मताची किंमत सारखीच. 2000 साली सरकारी तपासणीनंतर त्या शाळेचं प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं होतं, तडजोडीचा प्रस्ताव आला तेव्हा मुलांनी तिथे कोर्टातच सभा घेऊन मतदान केलं आणि मग तो स्वीकारला. आमची सभा एवढी मोठी नव्हती, विषयही साधे. दुसरीतल्या एका मुलीने उभं राहून सांगितलं की सुट्टीत मोठ्यांचा बॉल लागतो म्हणून आम्ही बाहेरच येत नाही. अर्धा तास वाद, मग ठरलं की सुट्टीची पहिली पंधरा मिनिटं बॉल बाहेर काढायचा नाही. तीन आठवड्यांनी मोठ्यांनी परत विषय आणला, मग मैदानच दोन भागात वाटलं. शाळेत जाल तेव्हा अशी सभा असते का विचाराच, आणि असेल तर तिथे मुलांच्या म्हणण्याने शेवटचं काय बदललं तेही विचारा.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त त्रास झाला ते. वर्गात चार मुली, त्यातल्या तिघींचं जमलं आणि चौथी बाहेर पडली. मोठ्या शाळेत दुसरी तुकडी असते, दुसरा ग्रुप मिळतो, इथे कुठे जाणार? एकीच्या बाबतीत आम्ही तिला भित्तिपत्रकाच्या कामात वरच्या वर्गातल्या मुलींबरोबर बसवलं आणि तिला तिथे मैत्रिणी मिळाल्या. दुसऱ्या एकीच्या बाबतीत आम्ही उशीर केला, लक्षातच घेतलं नाही वेळेवर, आणि ती शाळा सोडून गेली, ते मला अजून लागतं. म्हणून तुमच्या मुलीच्या वर्गात तिच्या वयाच्या मुली किती आहेत हा प्रश्न ॲक्टिव्हिटीजच्या आधी विचारा. दोन-तीनच असतील तर वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र काम करतात का, ते नीट बघून घ्या.

अजून एक, उपक्रम एकेका शिक्षकावर उभे असतात. आमच्या संगीताच्या टीचर गेल्या आणि दीड वर्षं वाद्यं कपाटात पडून होती. शिवाय उत्साही मुलांवर सगळंच येऊन पडतं, नाटकात तीच, टीममध्ये तीच, विज्ञान प्रदर्शनात तीच, नववीतली एक मुलगी इतकी थकली की शेवटी आम्ही नियमच केला, एका वेळी दोनच जबाबदाऱ्या.

तर तुम्ही गॅदरिंगच्या दिवशी जाऊ नका, कुठल्याही साध्या मंगळवारी जा. मागच्या दोन वर्षांत कुठला उपक्रम बंद पडला आणि का, हे विचारा. मुलीला बरोबर न्या, मधल्या सुट्टीत अर्धा तास तिला मुलांमध्ये सोडा आणि तुम्ही ऑफिसात बसा. परत येताना शाळा आवडली का असं लगेच विचारू नका, नवीन जागी बुजरं मूल बहुतेक "नाही"च म्हणतं. तिथे कोणी तिला काही धरायला, उचलायला, मांडायला बोलावलं का, ते विचारा.