मातीतलं यीस्ट आणि फ्रीजमधल्या प्लेटा

ठाण्यातल्या एका आईचं पत्र: "मुलगी एस.वाय. बीएस्सीला, मायक्रोबायोलॉजी घेतलंय. सोसायटीतल्या जांभळाखालची माती कॉलेजात नेऊन तिनं त्यातून यीस्ट वेगळं केलं. यीस्ट वाढवलेल्या त्या प्लेटा आता आमच्या फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी आहेत. यातच पुढे जायचं म्हणते. पोट भरेल का?"

ताई, आधी त्या प्लेटा आजच्या आज फ्रीजमधून काढा. उघडू नका, डब्यात बंद करून तिच्याबरोबर कॉलेजात पाठवा. मातीतून येणारं प्रत्येक यीस्ट पावातल्यासारखं निरुपद्रवी नसतं. कबुतरांच्या विष्ठेच्या मातीत क्रिप्टोकॉकस सापडतो, त्यानं मेंदूज्वर होऊ शकतो. ठाण्यात कबुतरं किती, हे तुम्हाला सांगायला नको. ही शिस्त तिला आत्ताच लागली पाहिजे.

आता मुलीचं. प्लेटवर तिला मलईसारखे पांढरट ठिपके दिसले असतील. ते सगळे सारखेच दिसतात, म्हणून नुसत्या डोळ्यांनी ओळख पटत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीला फुटलेली कळी दिसली, की यीस्ट असल्याचं बरंचसं कळतं. प्रजाती मात्र कळत नाही. त्यासाठी डीएनएतला साधारण 600 अक्षरांचा डी1/डी2 हा तुकडा वाचून जगभरच्या नोंदींशी ताडतात. एक टक्क्याहून जास्त फरक निघाला तर प्रजाती बहुधा वेगळी, कदाचित अजून कुणी नाव न दिलेलीही.

आणि ओळख पटली तरी काम अर्धंच झालेलं असतं. पुनःपुन्हा नव्या प्लेटवर चढवत राहिलं की यीस्ट बदलतं, त्यात दुसरंच काही शिरतं. म्हणून शुद्ध कल्चर, म्हणजे एकाच यीस्टची वाढवलेली वाण, ग्लिसरॉलमध्ये उणे 80 अंशांवर ठेवतात, किंवा गोठवून सुकवून काचेच्या कुपीत सीलबंद करतात. सोबत नोंद हवी: माती कुठली, कधी घेतली, किती खोलीवरची, कशावर वाढवलं. नोंद नसलेलं कल्चर म्हणजे सातबाऱ्याशिवायची जमीन, कुणी हात लावत नाही. तिची वही एकदा बघा. तारखा नीट असतील तर पोरगी या कामाची आहे, असं मी मानेन.

पोटाचं विचारता. केवळ प्रजाती ओळखण्याच्या कायम नोकऱ्या थोड्या आहेत, हे मी लपवणार नाही. पण हेच हात इतरत्र लागतात. हिपॅटायटिस बी ची लस यीस्टमध्येच तयार करतात. इथेनॉल आहे, बेकरी आहे, आणि औषध कंपन्यांच्या क्यूसीमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, यीस्ट-बुरशीची मोजणी करावीच लागते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत चौकशी केलीत तर अंदाज येईल. संशोधनात जायचं तर एमएस्सी आणि मग नेट परीक्षा. कल्चर सांभाळणाऱ्या मोठ्या संस्था आपल्या पुण्यातच आहेत: राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला (एनसीएल) औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आणि आघारकर संस्थेतला बुरशींचा. सुट्टीत तिथे काम करायला मिळेल का, हे तिनं प्राध्यापकांकरवी विचारावं.

आणखी एक. जांभळाखालची माती झाली, आता ती येऊरच्या जंगलात जायचं म्हणेल. ते राष्ट्रीय उद्यान आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथली चमचाभर मातीही उचलायची नाही. कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज आधी, पिशवी नंतर.

एमबीएचा विषय टी.वाय.चा प्रोजेक्ट होईपर्यंत तिच्यासमोर काढू नका.