वाचक विचारतात: कोड आपल्याच सर्व्हरवर ठेवायचाय

प्रश्न (डिचोलीहून एक वाचक): नमस्कार सर. आम्ही चौघं मिळून देवस्थानं आणि पतसंस्थांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. सगळा कोड ऑफिसातल्या एका जुन्या पीसीवर आहे, पावसात लाईट गेली की तो बंद, युपीएस तरी किती वेळ पुरणार, आणि आता एकजण वाळपईहून आणि एकजण मडगावहून काम करतो. एका पतसंस्थेने अट घातलीय की कोड बाहेरच्या कंपनीच्या अकाउंटवर नको. म्हणून क्लाउडवर छोटा सर्व्हर घेऊन डॉकरमध्ये (प्रोग्रॅम स्वतःच्या वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवतं ते) गिटलॅब, म्हणजे कोड आणि त्यावरचं काम सांभाळणारं सॉफ्टवेअर, टाकायचा विचार आहे. बरोबर आहे का? आणि कंटेनर उडवला की आतला कोडही जातो असं एकाने सांगितलं, ते खरं का?

उत्तर: दुसरं आधी घेतो, कारण त्यातच सगळं आहे. हो, खरं आहे. कंटेनरच्या आत जे लिहिलं जातं ते कंटेनर काढला की जातं, म्हणून डेटा बाहेर ठेवायचा, म्हणजे सर्व्हरवर एक साधा फोल्डर करायचा आणि तो कंटेनरच्या 'डेटा' फोल्डरला जोडून द्यायचा. नाव देऊन केलेला डॉकरचा व्हॉल्यूम, म्हणजे डॉकर स्वतः सांभाळतो ती डेटाची जागा, तोही चालतो, पण मी तो आता वापरत नाही. एकदा डिस्क भरली म्हणून साफसफाई करताना मी 'कंपोज डाऊन' या कंटेनर बंद करून काढायच्या कमांडला 'मायनस व्ही' लावून मोकळा झालो, आणि त्या 'व्ही'चा अर्थच व्हॉल्यूमसकट काढ असा आहे. कोड वाचला, कारण गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवणारा प्रोग्रॅम) क्लोन केलेल्या, म्हणजे प्रत उतरवलेल्या, प्रत्येक लॅपटॉपवर पूर्ण इतिहास असतो, पण आठ महिन्यांचे इश्यू (चुका आणि कामांच्या नोंदी), रिव्ह्यूमधल्या चर्चा, कोणता बदल का केला याची सगळी बोलणी गेली ती गेलीच, ती फक्त सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये असतात. अजून वाईट वाटतं. साधा फोल्डर जोडलेला असता तर त्या कमांडने त्याला हातही लागला नसता.

आता गिटलॅब. चांगलं आहे पण चौघांसाठी फार जड. ४ जीबी रॅम तरी हवीच, नीट चालायला ८, आणि तेवढ्याचं भाडं दर महिन्याला जाणार. त्याच कामाची हलकी सॉफ्टवेअर आहेत, गिटी किंवा फोर्जेयो, ती घ्या, १ जीबीतही चालतात, २ घेतली तर आरामात. गॉग्स नावाच्या प्रोजेक्टमधून २०१६ मध्ये गिटी निघालं, आणि २०२२ मध्ये गिटीमागे कंपनी उभी राहिल्यावर काहीजणांनी वेगळं होऊन फोर्जेयो काढलं, ते बर्लिनच्या कोडबर्ग या संस्थेच्या छत्राखाली आहे (नाव एस्पेरांतो भाषेतलं, अर्थ लोहारसाळ, मला फार आवडतं). मी फोर्जेयो वापरतो, कारण त्याच्यामागे संस्था आहे. पण काय ते आत्ताच ठरवा, २०२४ पासून दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्यात, नंतर इकडून तिकडे जाणं सोपं नाही. डेटाबेस एसक्यूलाईटच ठेवा, तो एका फाईलमध्ये मावतो, चौघांना पोस्टग्रेससारखा मोठा कशाला.

सर्व्हर मुंबई किंवा बंगळुरूच्या डेटासेंटरमधला घ्या म्हणजे पुश करताना (आपले बदल सर्व्हरवर पाठवताना) वाट बघावी लागत नाही. पुढे कॅडी हा वेबसर्व्हर लावा, तो लेट्स एनक्रिप्टचं सर्टिफिकेट (ब्राउझरमध्ये पत्त्याशी कुलूप दिसतं ते यामुळे) स्वतः आणतो आणि ९० दिवसांची मुदत संपायच्या आत स्वतः बदलतोही. अडकायला होतं ते एसएसएचला, म्हणजे कोड पाठवायच्या सुरक्षित जोडणीला. त्याचं २२ नंबरचं पोर्ट (आत यायचं दार) सर्व्हरने स्वतःसाठी घेतलेलं असतं, म्हणून बाहेर २२२२ द्या आणि ते कंटेनरच्या २२ ला जोडा, क्लाउडच्या फायरवॉलमध्येही २२२२ उघडा, आणि मग सेटिंगमध्ये एसएसएच पोर्ट २२२२ आणि रूट यूआरएल, म्हणजे मुख्य पत्ता, तुमच्या डोमेनचा लिहा. हे विसरलात तर क्लोनच्या लिंकमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे 'हाच संगणक') दिसेल आणि वाळपईचा माणूस अर्धा दिवस फोन करत बसेल. रजिस्ट्रेशन पहिल्याच दिवशी बंद करा, लॉगिन केल्याशिवाय काहीच दिसू नये हेही चालू करा, नाहीतर बॉट येऊन खाती उघडत बसतात.

इमेजचा (ज्या साच्यावरून कंटेनर बनतो त्याचा) व्हर्जन नंबर कंपोज फाईलमध्ये, म्हणजे कंटेनर कसे चालवायचे ते लिहितो त्या फाईलमध्ये, लिहूनच ठेवा. नवीन व्हर्जन सुरू होताना डेटाबेस आपोआप बदलतं आणि मग जुनं व्हर्जन त्या डेटाबेसवर उठत नाही, म्हणजे मागे यायचं तर बॅकअपच लागतो.

आणि बॅकअपचं मनापासून सांगतो. रात्री दोनला कंटेनर मिनिटभर थांबवा, तो फोल्डर बांधून दुसऱ्याच कंपनीच्या स्टोरेजवर पाठवा, कंटेनर परत चालू, एवढी स्क्रिप्ट पुरे. थांबवायचं अशासाठी की चालू डेटाबेसची फाईल मध्येच कॉपी केली तर ती अर्धवट निघू शकते. क्लाउडवाल्याचा स्नॅपशॉट (सर्व्हरची जशीच्या तशी प्रत) असला तरी तो त्याच अकाउंटमध्ये असतो, अकाउंटच बंद पडलं तर दोन्ही अडकले. आणि चवथीला सगळे गावी जायच्या आधी एक दिवस काढा, तासावर भाड्याने नवीन सर्व्हर घ्या, त्या बॅकअपवरून सगळं उभं करून बघा, लॉगिन होतं का, जुने इश्यू दिसतात का, पुश जातो का. पहिल्यांदा काहीतरी अडतंच, बहुतेक फोल्डरच्या मालकीहक्कापाशी, ते निवांत असताना अडलेलं बरं.

प्रश्न (म्हापशाहून एक वाचिका): मी यूएफडब्ल्यू फायरवॉलमध्ये ३००० पोर्ट बंद केलंय तरी बाहेरून गिटीचं पान उघडतं, वर कुलूपही नाही. असं का होतं?

उत्तर: ताई, चूक तुमची नाही, पुष्कळांना हे माहीतच नसतं. डॉकर पोर्ट उघडताना आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये, स्वतःचे नियम घालतो आणि यूएफडब्ल्यूचे नियम बाजूलाच राहतात. कंपोज फाईलमध्ये नुसतं ३००० ला ३००० न लिहिता पुढे १२७.०.०.१ लावा, म्हणजे ते फक्त सर्व्हरच्या आतूनच दिसेल. कॅडीसुद्धा त्याच कंपोजमध्ये असेल तर ती ओळ काढूनच टाका, कंटेनर आपसात नावाने बोलतात. मग फोनचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावरून सर्व्हरचा आयपी आणि ३००० टाकून बघा, पान उघडलं नाही म्हणजे झालं.