३३ वर्षांचा लाइनबॅकर घेतला, तर ५३ जणांच्या यादीत नेमकं काय हलतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या वॉशिंग्टन कमांडर्सनी मार्च २०२४ मध्ये बॉबी वॅगनर या लाइनबॅकरला (बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू) घेतलं तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. एवढ्या वयाच्या लाइनबॅकरवर पैसा का घालायचा, आणि एका वर्षाच्या कराराने संघबांधणीत असा काय फरक पडतो?

पैसा हा या व्यवहारातला सोपा भाग आहे. खरी डोकेदुखी असते चौथ्या-पाचव्या लाइनबॅकरची. अनुभवी माणूस आला की त्याच्या खालच्या प्रत्येकाचं काम बदलतं, आणि ते बदललेलं काम त्या माणसाला जमतं की नाही यावर सगळं ठरतं.

एनएफएलच्या मुख्य यादीत ५३ खेळाडू असतात. सामन्याच्या दिवशी त्यातले जास्तीत जास्त ४८ गणवेशात उतरतात, तेही त्यात आक्रमणाच्या पुढच्या फळीतले किमान आठ लाइनमन असतील तरच, नाहीतर ४७. यात लाइनबॅकरच्या वाट्याला साधारण पाच-सहा जागा येतात. पण आजकाल बहुतेक संघ अर्ध्याहून जास्त चाली निकेलमध्ये खेळतात, म्हणजे पाच डिफेन्सिव्ह बॅक (पास अडवणारे मागच्या फळीतले) आणि दोनच लाइनबॅकर. तिसरा लाइनबॅकर मोजक्या चालींपुरता येतो. मग उरलेले तीन-चार जण ५३ मध्ये कशासाठी? स्पेशल टीम्ससाठी, म्हणजे किकच्या चाली खेळणाऱ्या तुकड्यांसाठी. किकऑफ, किकऑफ रिटर्न, पंट, पंट रिटर्न या चारही तुकड्यांत धावून टॅकल आणि ब्लॉक करणारी मधल्या आकाराची, वेगवान माणसं म्हणजे राखीव लाइनबॅकर. २०२४ पासून किकऑफचा नियम बदलला आणि किक मारणाऱ्या संघाचे दहा जण समोरच्याच्या ४० यार्ड रेषेवर उभे राहू लागले. लांब पळत येऊन आदळण्यापेक्षा जवळून भिडण्याचं काम वाढलं, आणि अशा शरीराच्या खेळाडूला मागणी आली.

आता इथे वॅगनर आणून बसवा. तो स्पेशल टीम्सवर धावणार नाही, कुणी धावायला लावणारही नाही. तो निकेलमधल्या दोन जागांपैकी एक घेतो. म्हणजे काल जो तिथे होता तो तिसरा झाला आणि तिसरा होता तो चौथा. हा नवा तिसरा-चौथा जर ‘मी सुरुवातीचा खेळाडू’ या तोऱ्यातला आणि पंट कव्हर करायला नाखूश असेल, तर दोन जागा अडल्या: एक वॅगनरची, एक याची. स्पेशल टीम्सचा कोच सहाव्या जागेसाठी भांडायला उभा राहतो आणि ती जागा बहुतेकदा पाचव्या सेफ्टीच्या (सर्वांत मागचा बचावपटू) किंवा सहाव्या रिसीव्हरच्या (पास झेलणारा) पोटावर पाय देऊन मिळते.

वॉशिंग्टनने ही साखळी कशी हाताळली ते बघण्यासारखं आहे. नवा मुख्य कोच डॅन क्विन हा २०१३ आणि २०१४ मध्ये सिएटलचा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे बचावाचा कोच, होता. वॅगनर त्याच्याच हाताखाली खेळलेला. त्यामुळे खेळपद्धती शिकवण्यात वेळ जाणार नव्हता. त्याच मार्चमध्ये फ्रँकी लुवूलाही तीन वर्षांसाठी घेतलं. वॅगनर मधला, बचावाची मांडणी करणारा. लुवू मोकळा, पास रशला, म्हणजे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर चालून जायला, सोडता येणारा. लुवूने त्या हंगामात आठ सॅक केल्या, म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं. मधली जागा भरवशाच्या माणसाकडे असल्याशिवाय दुसऱ्या लाइनबॅकरला इतक्यांदा पुढे पाठवता येत नाही. मागे मोकळं मैदान राहतं. आणि जुनं सामान? २०२१ च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंची वार्षिक निवड) पहिल्या फेरीत १९ व्या क्रमांकावर निवडलेला जेमिन डेव्हिस. त्याचा करार पाचव्या वर्षापर्यंत वाढवण्याचा पर्याय संघाने नाकारला, त्याला मधून काढून कडेचा पास रशर करायचा प्रयत्न झाला आणि ऑक्टोबरमध्ये सोडून दिलं. जोडीला ड्राफ्टच्या पाचव्या फेरीत टेंपल विद्यापीठाचा जॉर्डन मगी घेतला, शिकाऊ म्हणून. संघ ४-१३ वरून १२-५ वर गेला, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. पण त्याचं श्रेय वॅगनरला देणं म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला. जेडन डॅनियल्ससारखा क्वार्टरबॅक त्याच वर्षी आला होता. वॅगनरचा फायदा शोधायचा तर लुवूच्या सॅकमध्ये शोधा.

हिरव्या ठिपक्याचा मुद्दा लोक विसरतात. बचावातल्या एकाच खेळाडूच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो आणि ओळखीसाठी मागे हिरवा ठिपका लावतात. प्ले क्लॉकवर १५ सेकंद उरले की कोचचा आवाज बंद. त्यानंतरची हलवाहलव मैदानातल्या माणसाने करायची. हा ठिपका प्रत्येक चालीला मैदानात असणाऱ्यालाच द्यावा लागतो. म्हणून अनुभवी लाइनबॅकर घेताना पहिली चौकशी ही: तो तिसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा), लांब अंतर असतानाही मैदानात राहणार का? राहणार असेल तर ठिपका त्याला. नाहीतर ठिपका सेफ्टीकडे जातो, आणि मग ‘डोकं चालवणारा अनुभवी माणूस’ म्हणून मोजलेले पैसे अर्धे वाया.

पाय कुठे मंदावतात? सरळ धावण्यात तितके नाहीत. दिशा बदलण्यात आणि टाइट एंडला (पास झेलणारा धिप्पाड खेळाडू) माणसाला-माणूस धरण्यात जास्त. त्यामुळे कोऑर्डिनेटरला झोनचं, म्हणजे माणसाऐवजी मैदानाचा भाग राखण्याचं, प्रमाण वाढवावं लागतं, त्याला मधल्या आखूड भागात ठेवावं लागतं, आणि टाइट एंडसाठी तिसरा सेफ्टी लागतो. म्हणजे लाइनबॅकरच्या कराराचं बिल सेफ्टीच्या खोलीत येतं. फक्त टॅकलचे आकडे बघून भुलू नका. २०२३ मध्ये सिएटलकडून वॅगनरने लीगमध्ये सर्वाधिक १८३ टॅकल केले, तरी त्या वर्षी चेंडू घेऊन धावणाऱ्यांना रोखण्यात सिएटल तळाच्या संघांत होतं. बचाव जितका जास्त वेळ मैदानात, तितके टॅकल जास्त.

आता पैसा. कॅप ही आयपीएलच्या पर्ससारखी मर्यादा असली, तरी इथे खर्च पुढच्या वर्षांवर ढकलता येतो. २०२४ ची कॅप २५.५४ कोटी डॉलर होती. समजा एक वर्षाचा ८० लाखांचा करार आहे: १५ लाख पगार, ६५ लाख साइनिंग बोनस. बोनस जास्तीत जास्त पाच वर्षांत वाटता येतो, म्हणून मागे चार नकली ‘व्हॉइड’ वर्षं जोडतात. यंदा कॅपवर १५ अधिक १३, म्हणजे २८ लाख. पुढच्या वर्षी करार आपोआप संपला की उरलेले ५२ लाख एकदम अंगावर, खेळाडू संघात असो वा नसो. हे उसनवारीचं गणित ३३ व्या वर्षी वाईट, कारण पुढच्या वर्षी त्या ५२ लाखांसोबत नवा लाइनबॅकरही घ्यावा लागतो.

उन्हाळ्यात कॅपमध्ये सर्वांत महागडे ५१ करारच पूर्ण धरले जातात. त्यामुळे २८ लाखांचा माणूस आत आला की ५१ वा बाहेर पडतो. तो ९ लाख १५ हजारांचा असेल तर खरा भार १८ लाख ८५ हजारच. बातम्यांमध्ये हे कुणी सांगत नाही. नियमित हंगाम सुरू झाला की मात्र ही सवलत संपते; सगळे ५३, दुखापतग्रस्त यादी आणि प्रॅक्टिस स्क्वाड (सरावापुरता ठेवलेला राखीव गट), सगळ्यांची मोजणी होते.

किमान पगारावर येणाऱ्यांसाठी वेगळी सोय आहे. सात किंवा अधिक हंगाम खेळलेल्याचा किमान पगार २०२४ मध्ये १२ लाख १० हजार होता. पात्र एकवर्षीय करार असेल तर कॅपवर फक्त दोन हंगाम खेळलेल्याचा दर, म्हणजे ९ लाख ८५ हजार लागतो. अनुभवी माणूस महाग म्हणून तरुण ठेवला, असं होऊ नये यासाठीच हा नियम.

करारात आणखी एक कलम बघा: प्रत्येक सामन्याला गणवेशात असल्याचा बोनस. खेळाडू गेल्या वर्षी १७ सामने खेळला असेल तर १७ चे पैसे आत्ताच कॅपवर. १० खेळला असेल तर १० चे, उरलेले मिळाले तर हंगाम चालू असताना चढतात. म्हणून दुखापतीतून उठलेल्या अनुभवी खेळाडूला संघ हा बोनस हात सैल सोडून देतो. धोका कमी, कॅपही हलकी.

तारखांचं पण बघावं लागतं. करार संपून मोकळा झालेला खेळाडू ड्राफ्टनंतरच्या सोमवारच्या आधी घेतला, तर तो भरपाईच्या ड्राफ्ट पिकच्या (खेळाडू गमावलेल्या संघाला मिळणारी जादा निवड) हिशेबात जाऊ शकतो. जुन्या संघाने कापलेला खेळाडू जात नाही. दुसरी तारीख पहिल्या आठवड्याची. चार किंवा अधिक हंगाम झालेला खेळाडू पहिल्या सामन्याच्या वेळी यादीत असेल तर नंतर कापला तरी त्या वर्षाचा उरलेला पगार मागू शकतो. म्हणून साधारण दर्जाचे अनुभवी लाइनबॅकर पहिला आठवडा उलटल्यावरच फोनची वाट बघतात. नाहीतर प्रॅक्टिस स्क्वाड: तिथल्या १६ पैकी सहा जागा कितीही अनुभवाच्या खेळाडूंना चालतात, आणि एका खेळाडूला नियमित हंगामात तीन वेळा सामन्यापुरतं वर आणता येतं. चौथ्यांदा हवा असेल तर ५३ मध्ये कायमची जागा काढावी लागते.

ऑगस्टअखेरच्या कपातीत अनुभवी माणूस उलट उपयोगी पडतो, हे मला या सगळ्यात सर्वांत मजेशीर वाटतं. चार हंगाम पूर्ण केलेला खेळाडू ट्रेडची मुदत संपेपर्यंत वेव्हर्सवर, म्हणजे इतर संघांनी उचलण्याच्या यादीत, जात नाही. कापला की सरळ मोकळा. तरुणाला कापलं तर दुसरा संघ उचलू शकतो. म्हणून संघ अनुभवी लाइनबॅकरला तोंडी शब्द देऊन एका दिवसासाठी कापतो, तरुणाला ५३ मध्ये ठेवतो, दुसऱ्या दिवशी कुणाला तरी दुखापतग्रस्त यादीत टाकून त्या जागेवर अनुभवी माणसाला परत आणतो. हे जमायला दोन गोष्टी लागतात: त्याच्या करारात मोठी हमी नसणं आणि त्याचा तुमच्यावर विश्वास असणं. २०२४ पासून दोन दुखापतग्रस्तांना कपातीच्याच दिवशी ‘परतणारे’ म्हणून बाजूला ठेवता येतं, त्यामुळे ही कसरत थोडी कमी झाली आहे.

फसतं कुठे? ग्रीन बे पॅकर्सचं २०२१ बघा. जूनमध्ये लाइनबॅकर डिव्हॉन्ड्रे कॅम्पबेलला २० लाखांत घेतलं. संपूर्ण सराव शिबिर मिळालं, मधली जागा मिळाली, आणि तो ऑल-प्रोच्या (लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंची निवड) पहिल्या संघात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डॅलसने सोडलेला जेलन स्मिथ आला आणि दोन सामन्यांत परत गेला. डॅलसने त्याला सोडण्यामागे खेळाइतकाच हिशेबही होता: २०२२ चा ९२ लाखांचा पगार दुखापत झाल्यास हमीचा होता, त्यामुळे त्याला मैदानात ठेवणंच जोखमीचं. ऑक्टोबरात आलेल्या लाइनबॅकरला नवी भाषा शिकायला वेळ नसतो, आणि स्पेशल टीम्सवर त्याचा उपयोग नसेल तर ४८ मध्ये त्याला बसवणार कुठे?

कॅम्पबेलची पुढची गोष्ट यादी आखणाऱ्यांनी भिंतीवर लावावी अशी आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा लाइनबॅकर ड्रे ग्रीनलॉ फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये अकिलीस टेंडन तुटून बाहेर गेला. त्याच्या जागी तात्पुरता म्हणून कॅम्पबेल आला आणि तीन महिने खेळला. १२ डिसेंबरला रॅम्सविरुद्ध ग्रीनलॉ परतला, कॅम्पबेल बाकावर. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ग्रीनलॉ बाहेर पडला तेव्हा कॅम्पबेलने मैदानात जायला नकार दिला. उरलेल्या तीन सामन्यांसाठी तो निलंबित झाला. वागणं चुकलंच. पण तीन महिने पहिल्या संघातून खेळलेल्या माणसाला बाकावर बसवून ‘गरज लागली तर ये’ म्हणायचं, तर त्याच्या मागे आणखी एक तयार खेळाडू ४८ मध्ये हवा, हे गृहीत धरावंच लागतं.

मगीसारख्या शिकाऊ खेळाडूचं घड्याळ मात्र वेगळं चालतं. ड्राफ्टमधून आलेल्याचा करार चार वर्षांचा. वॅगनरला २०२५ साठी पुन्हा एक वर्ष दिलं, ९५ लाखांपर्यंत. म्हणजे मगीच्या स्वस्त चार वर्षांतली दोन वॅगनरच्या मागे गेली. यावर बुधवारचा उपाय आहे: हंगामात अनुभवी खेळाडूंना बुधवारी सरावातून सुट्टी देतात आणि त्या दिवशी पहिल्या संघासोबतच्या सगळ्या चाली दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला मिळतात, हिरव्या ठिपक्यासकट. बुधवारच्या दुखापत अहवालात अनुभवी लाइनबॅकरच्या नावापुढे ‘विश्रांती’ दिसली की समजायचं, आज मधली जागा पोरगा चालवतोय.