अबू धाबीची शर्यत आणि पतसंस्थेतील ठेव

सांगलीच्या गावभागात भाड्याच्या घरात राहणारे आणि कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात डिझाइनचे काम करणारे आमचे एक वाचक लिहितात की, २०११ साली ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पहिली इंडियन ग्रां प्री झाली, तेव्हापासून ते फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींच्या मालिकेचा एकही हंगाम चुकवत नाहीत आणि आता विजेतेपदाचा निकाल यंदाही अबू धाबीतच लागेल या आशेने तिथली शर्यत पत्नीसह प्रत्यक्ष पाहावी असे त्यांच्या मनात आहे. पर्यटन कंपनीने दोघांचा खर्च ३ लाख रुपये सांगितला असून जागा अडवण्यासाठी २५,००० रुपये आत्ताच मागितले आहेत. वाचकांचा हातात येणारा पगार ६२,००० रुपये, भाड्यासह घरखर्च ३८,०००, मोटारसायकलीचा हप्ता ४,२०० (असे तीन हप्ते बाकी आहेत) आणि चार वर्षांच्या मुलीच्या शिक्षणासाठी चालू असलेली एसआयपी ८,००० रुपयांची आहे. याशिवाय एका पतसंस्थेत साडेनऊ टक्के दराची, मार्चमध्ये मुदत संपणारी २,६०,००० रुपयांची मुदत ठेव आहे. वैयक्तिक कर्ज घ्यावे, ठेव मोडावी की वर्षभर एसआयपी थांबवावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

आपण हौसेवर खर्च करू नये, असे मी म्हणणार नाही. मात्र विचारलेल्या तीनही मार्गांना माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि सहल यंदा न करता दोन हंगामांनंतर करावी, असे माझे मत आहे.

एसआयपीचा मार्ग लगेच बाजूला ठेवता येतो, कारण ती वर्षभर थांबवूनही ९६,००० रुपयेच सुटतात, म्हणजे खर्चाचा एक तृतीयांशही भागत नाही. कर्जाचे गणित अधिक बोलके आहे. ३ लाख रुपये १४ टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १०,२५० रुपये आणि एकूण व्याज सुमारे ६९,००० रुपये होते. आज सर्व खर्च वजा जाता आपल्याकडे महिन्याला ११,८०० रुपये उरतात, म्हणजे मोटारसायकलीचे कर्ज फिटेपर्यंत शिल्लक जेमतेम दीड हजारावर येईल.

ठेवीबद्दल मला जरा सविस्तर लिहिणे भाग आहे. आपला घरखर्च आणि हप्ता मिळून सहा महिन्यांचे २,५३,२०० रुपये होतात आणि ठेव २,६०,००० रुपयांची आहे. म्हणजे अडीअडचणीसाठी म्हणून जी रक्कम प्रत्येक कुटुंबाने बाजूला ठेवायला हवी, तीच ही आहे आणि तिच्याखेरीज दुसरी कोणतीही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले तेव्हा घरे सोडून गेलेल्या कुटुंबांना हाताशी रोख रक्कम असण्याचे मोल गावभागात राहणाऱ्या माणसाला मी वेगळे सांगायला नको. तेव्हा ही रक्कम सहलीला लावू नये. पण ती आहे तिथेच राहू द्यावी, असेही मी म्हणणार नाही. बँकेतील ठेवींना, त्यात नागरी सहकारी बँकाही आल्या, प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवीला ते नसते. पतसंस्था देते तो साडेनऊ टक्के दर या जोखमीचा मोबदला आहे, आणि घरातील सगळी शिल्लक एकाच ठिकाणी असताना ती जोखीम मला पटत नाही. मुदतीपूर्वी मोडून व्याज गमावण्याचे कारण नाही. मार्चमध्ये मुदत संपताच ही रक्कम बँकेत दोन-तीन वेगवेगळ्या ठेवींत विभागून ठेवावी, म्हणजे गरज पडल्यास एकच ठेव मोडावी लागेल.

आता शर्यतीबद्दल. २०२५ मध्ये लँडो नॉरिस आणि मॅक्स व्हर्स्टापेन या चालकांमधील विजेतेपदाचा निकाल अबू धाबीतच, अवघ्या दोन गुणांच्या फरकाने लागला, त्यामुळे ‘यंदाही असेच होईल’ ही आपली अपेक्षा मी समजू शकतो. पण २०२३ मध्ये व्हर्स्टापेन यांनी विजेतेपद कतारमध्येच निश्चित केले होते आणि २०२४ मध्ये लास व्हेगासला. हंगामाची अखेर २०१४ पासून दरवर्षी अबू धाबीतच होत आली आहे, परंतु निकाल तिथपर्यंत ताणला जाईल की नाही, हे कित्येक महिने आधी कोणालाही सांगता येत नाही, आणि पैसे मात्र आधीच भरावे लागतात. ५.२८ किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर ५८ फेऱ्या होतात आणि एका जागी बसलेल्या प्रेक्षकापुढून प्रत्येक गाडी काही क्षणांतच निघून जाते. शर्यत खऱ्या अर्थाने समजते ती पडद्यावरच, आणि युरोपातील बहुतेक शर्यती तर आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाला, चहाच्या कपासोबत पाहता येतात. तरीही इंजिनांचा आवाज छातीत जाणवण्यासाठी एकदा जायचेच असेल, तर निकालाच्या आशेवर हंगाम निवडू नये, पैसे तयार होतील तो हंगाम निवडावा.

पैसे तयार करण्याची पद्धत सोपी आहे. बँकेत आत्ता ९,००० रुपयांचे आवर्ती खाते उघडावे आणि मोटारसायकलीचे कर्ज फिटताच ४,००० रुपयांचे दुसरे. दोन वर्षांत ३ लाख रुपये मुद्दल आणि साडेसहा टक्के दर धरल्यास १९,००० ते २०,००० रुपये व्याज जमा होईल. ही वरची रक्कम लागेलच, कारण दिरहमचा दर अमेरिकी डॉलरशी बांधलेला आहे. २०२५ च्या सुरुवातीला डॉलर ८५-८६ रुपयांना होता आणि डिसेंबरमध्ये त्याने नव्वदी ओलांडली. तेवढ्याच प्रमाणात आपले हॉटेल आणि तिकीटही महागले. दोन वर्षांत खर्च याहून अधिक वाढला, तर ट्रॅक जिथे आहे त्या यास बेटावर न राहता दुबईत राहून शर्यतीला जाणे किंवा ग्रँडस्टँडऐवजी टेकडीवरील साधे तिकीट घेणे, हे मार्ग खुले आहेत.

उरलेल्या ३,००० रुपयांतून कुटुंबाचा स्वतंत्र आरोग्यविमा आधी घ्यावा, कारण कंपनीचा विमा नोकरीबरोबरच संपतो. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला आहे.

पर्यटन कंपनीला २५,००० रुपये आत्ता देऊ नयेत. पुढे जेव्हा आरक्षण कराल, तेव्हा सांगितलेल्या रकमेत जीएसटी आणि टीसीएस (परदेशी सहलीच्या रकमेवर आधीच वसूल होणारा प्राप्तिकर) धरलेला आहे का, व्हिसा नाकारला गेल्यास किती रक्कम परत मिळेल आणि तिकीट ट्रॅकच्या नेमक्या कोणत्या भागातील आहे, हे लेखी घ्यावे. टीसीएस आपल्याच पॅनवर जमा होईल याची खात्री करावी, म्हणजे विवरणपत्र भरताना ती रक्कम करात वळती करून घेता येईल किंवा परत मागता येईल.