घाट चढायला सोपा, उतरायला शिकावा लागतो

प्रश्न : मी चारकोपला राहते, वय 47. सहा वर्षं रोज कांदिवली ते अंधेरी गाडी चालवते, म्हणजे खरं तर ब्रेक दाबते. गाडी ऑटोमॅटिक आहे. कुठं पोचायचं नाही, कुणाला भेटायचं नाही, नुसता वळणावळणाचा रस्ता स्वतः चालवायचाय. माळशेज मनात आहे. मिस्टर म्हणतात, "घाट आहे तो, ड्रायव्हर घेऊन जा." काय करू?

उत्तर : ताई, ड्रायव्हर नेलात तर मजा त्याची आणि पेट्रोल तुमचं. तुम्हीच चालवा.

फक्त पावसाळ्यातला शनिवार-रविवार टाळा. धबधब्याखाली माणसं, रस्त्यावर आडव्यातिडव्या गाड्या, वरून दरडीची धास्ती. सप्टेंबर सरता सरता, आठवड्याच्या मधल्या वारी निघा. सोनकी पिवळीधम्मक फुललेली असते. पहाटे साडेपाचला घोडबंदर रोड धरा, म्हणजे कल्याण गर्दी व्हायच्या आत मागे पडेल. मुरबाडला चहा. सरळगाव, टोकावडे गेलं की मोरोशीच्या आसपास समोर कडा उभा राहतो.

चढण तुम्हाला जमेल. गोम उतारात आहे. मी नवा नवा टॅक्सीवाला असताना इगतपुरीहून भाडं घेऊन कसारा घाट उतरत होतो. अख्खा घाट पाय ब्रेकवर. निम्म्यात जळक्या रबरासारखा वास आला. मला वाटलं, पुढच्या ट्रकचा. शेवटच्या वळणांवर पेडल लोण्यासारखं आत गेलं. हँडब्रेक ओढत, डोंगराच्या बाजूला घासत कशीबशी थांबवली. मागच्या सीटवरच्या आजी तोवर रामरक्षेच्या दुसऱ्या आवर्तनात होत्या. माझे मामा एसटीत ड्रायव्हर. ते एवढंच म्हणाले, "ज्या गिअरवर चढतोस, त्याच गिअरवर उतर."

गाडी खालच्या गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागं धरून ठेवतं. ब्रेक अधूनमधून, ठाम दाबायचा आणि सोडायचा. सतत टेकवून ठेवला की तापतो आणि धरेनासा होतो. तुमच्या गाडीत दांड्याजवळ अधिक-उणे असेल तर मॅन्युअलवर टाकून दुसऱ्यात ठेवा; 'एल' असेल तर तो. न्यूट्रलवर सोडून पेट्रोल वाचतं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. आताच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना इंधन जवळजवळ बंदच करतात, न्यूट्रलवर उलट इंजिन चालू ठेवायला लागतं. इंजिन बंद करणं तर वेडेपणा: ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड.

वळणाआधी वेग कमी करा, वळणात नव्हे. नजर बॉनेटपुढे नको, रस्ता जिथं वळून जातो तिथं. हात आपोआप तिकडे जातात. खरी मजा हीच आहे. पाचसहा वळणांनंतर लय सापडते, अंधेरीच्या सिग्नलवर कधीच सापडत नाही ती. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या. तीव्र वळणावर समोरून एसटी दिसली तर अलीकडेच थांबा, तिला वळायला सगळा रस्ता लागतो. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे.

दरी बघायची तर गाडी रुंद जागी पूर्ण बाजूला घेऊन बघा. चालवता चालवता फोटो नाही.

मिस्टरांना नेणार असाल तर पुढे बसवा, मागे बसलं की घाटात मळमळतं. आणि त्यांच्या पायाखाली ब्रेक नाही, हे निघतानाच सांगून टाका.