बोअरचं जड पाणी आणि दोन फुटी टाकी असताना आफ्रिकन सिक्लिड पाळता येतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घर लातूरला, वापरायला बोअरचं पाणी, दोन फुटी टाकीत आठ-दहा गप्पी आणि एक गोल्डफिश. दुकानात ‘आफ्रिकन सिक्लिड मिक्स’ (सिक्लिड हे माशांचं एक मोठं कुळ) लिहिलेल्या टाकीतले निळे-पिवळे मासे पाहिलेत आणि ते घरी आणायचेत. जमेल का, आणि कुठले घ्यावेत?

पाण्याच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात, टाकीच्या बाबतीत नाही. आणि त्या ‘मिक्स’ टाकीतून काहीही आणू नका.

मी सोलापूरला गेली बारा वर्षं हे मासे पाळतोय. सुरुवात केली होती निऑन टेट्रांनी. आमच्या बोअरच्या पाण्यात तूरडाळीला कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त लागतात, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडांवर पांढरा थर बसतो. निऑन टेट्रा आले अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातून. दोन वेळा आणले, दोन्ही वेळा महिनाभरात संपले. मी पाण्यात ही पावडर टाक, ते द्रावण टाक असं करत बसलो होतो. शेवटी एका जुन्या पाळणाऱ्या काकांनी सांगितलं, ‘पाण्याला माशाजोगं करण्यापेक्षा पाण्याजोगा मासा आण.’ तेव्हापासून मी दुसरं काही केलेलं नाही.

आफ्रिकेतल्या मलावी आणि टांगानिका या दोन मोठ्या सरोवरांचं पाणी अल्कधर्मी आहे. मलावीचा पीएच (पाणी किती आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा; ७ म्हणजे मधला) साधारण ७.७ ते ८.६, टांगानिकाचा त्याहून थोडा वरच. खरं सांगायचं तर मलावीचं पाणी आपल्या बोअरइतकं जड नाही. पण तिथल्या माशांना पीएच वर असलेला आणि स्थिर लागतो, आणि आपल्या पाण्यातले क्षार तो स्थिर ठेवतात. जडपणा थोडा जास्त झाला तर ते मासे सहज सोसतात. मुंबईतल्या मित्रांना तलावांचं मऊ पाणी येतं, त्यांना शिंपल्यांचा चुरा, कोरल वाळू, खायचा सोडा असं बरंच काही करावं लागतं. आपल्याला त्यातलं काहीच नको. आरओचं पाणी तर टाकीत भरूच नका, त्यात हवे असलेले क्षारच निघून गेलेले असतात.

बोअरच्या पाण्याबद्दल दोन गोष्टी मात्र पाळा. ते जमिनीतून येतं तेव्हा त्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, म्हणून बादलीत भरून एअर पंपाची नळी सोडून रात्रभर ठेवा, मग वापरा. दुसरं म्हणजे शेतीच्या भागातल्या बोअरला खतांमुळे नायट्रेट असू शकतं. थेंबांचं टेस्ट किट मिळतं, एकदा तपासून घ्या. पालिकेच्या नळाचं पाणी कधी वापरलंत तर क्लोरिन घालवायला हायपो टाकायला विसरू नका.

आता टाकी. तुमची टाकी दोन बाय एक बाय एक फूट असेल तर त्यात जेमतेम ५५ लिटर पाणी मावतं. मलावीच्या खडकांमध्ये राहणाऱ्या माशांना तिथल्या टोंगा भाषेत म्बुना म्हणतात, म्हणजे खडकातला मासा. दुकानातले निळे-पिवळे मासे बहुतेक हेच. प्रत्येक नराला स्वतःचा खडक, स्वतःची कपार लागते आणि तो ती जीव तोडून राखतो. दोन फुटांत एकच नर राजा होतो आणि बाकीच्यांना पळायला जागा उरत नाही. शेपट्या कुरतडलेले, कोपऱ्यात हीटरच्या मागे दडून बसलेले मासे मी कितीतरी घरांत पाहिलेत. फार वाईट वाटतं ते बघून. म्बुनासाठी चार बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे सुमारे २५५ लिटर, ही माझ्या मते कमीत कमी टाकी. दगड, काच धरून ती ३०० किलोच्या वर जाते, तेव्हा खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, सपाट लोखंडी स्टँडवर, खाली थर्माकोल घालून ठेवा.

मोठी टाकी शक्य नसेल तरी निराश होऊ नका. टांगानिकात एक चिमुकला सिक्लिड आहे, मल्टिफॅसिएटस, सगळे त्याला ‘मल्टी’ म्हणतात. नर जेमतेम साडेचार सेंटिमीटरचा, मादी त्याहून लहान. तो गोगलगायींच्या रिकाम्या शंखांत राहतो. तुमच्या दोन फुटी टाकीत दोन इंच बारीक वाळू घाला, पंधरा-वीस रिकामे शंख उकळून, धुऊन टाका आणि पाच-सहा मल्टी सोडा. ते तोंडाने वाळू उपसून शंख आपल्याला हवे तसे बसवतात, शेजाऱ्याच्या वाळूवरून भांडतात, शंखातच पिल्लं काढतात. मोठी भावंडं त्याच वस्तीत राहतात आणि नवी पिल्लंही तिथेच वाढतात. माझ्या घरी चार फुटी टाकीपेक्षा या छोट्या टाकीसमोर पाहुणे जास्त वेळ बसतात. साध्या दुकानात हे सहसा मिळत नाहीत, मोठ्या शहरातल्या पाळणाऱ्यांकडे विचारावं लागतं.

मासे आणण्याआधी टाकी पिकू द्यावी लागते. यावर मी जरा जास्त लिहितोय, कारण माझे मासे यातच गेलेत. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. फिल्टरच्या स्पंजवर राहणारे जिवाणू त्याचं नायट्राईट करतात, दुसरे जिवाणू नायट्राईटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट आपण पाणी बदलून काढतो. हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. अल्कधर्मी पाण्यात एक धोका वेगळा आहे. पीएच ७ असताना पाण्यातल्या एकूण अमोनियाच्या शंभर भागांपैकी जेमतेम अर्धा भाग (०.५ टक्का) विषारी रूपात असतो, पीएच ८.२ झाला की तोच शंभरात आठ भागांच्या आसपास जातो. म्हणजे मऊ पाण्यात जी चूक मासे सोसतात, तीच आपल्या टाकीत त्यांचा जीव घेते.

पाचव्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत मी फिल्टरचे सगळे स्पंज नळाखाली, क्लोरिनच्या पाण्यात, स्वच्छ पांढरे होईपर्यंत धुतले. तिसऱ्या दिवशी सकाळी मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. दिवसभरात तीन वेळा निम्मं निम्मं पाणी बदललं, तरी पाच मासे गेले. त्यात चार वर्षांची एक मादीही होती. तेव्हापासून स्पंज फक्त टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळतो, आणि एका वेळी एकच.

तुमच्याकडे एक मोठी सोय आधीच आहे. गप्पींच्या टाकीतला जुना, काळपट झालेला स्पंज नव्या फिल्टरमध्ये ठेवा. तयार जिवाणू मिळतात आणि पिकायचा काळ बराच कमी होतो. तरीही अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य दिसल्याशिवाय मासे आणू नका. फिल्टर असा घ्या की तासाभरात टाकीतलं पाणी निदान पाच-सहा वेळा फिरेल. चार फुटीला ताशी १५०० लिटर तरी हवा. दर आठवड्याला तीस टक्के पाणी बदला.

चार फुटी टाकी घेतलीत तर दगड आपले काळे बेसॉल्टचेच वापरा. नदीपात्रातले गोल गुळगुळीत धोंडे घासून धुवा. ते पाण्यात विरघळत नाहीत आणि त्यांच्यापुढे पिवळा मासा झळाळून दिसतो. दगड आधी काचेवर बसवा, वाळू मग घाला. हे मासे वाळू उकरतात. वाळूवर रचलेला ढीग खालून पोखरला गेला की कोसळतो आणि काच फुटते.

मासे निवडताना स्वभाव पाहा, रंग नंतर. पहिल्यांदा पाळणाऱ्याला मी नेहमी येलो लॅब सांगतो. लिंबासारखा पिवळा, पाठीवरच्या परावर काळी रेघ, आणि म्बुनांमध्ये सर्वांत शांत. त्याच्यासोबत जांभळट निळा, पिवळ्या शेपटीचा एसी नावाचा मासा, आणि तपकिरी-जांभळा रस्टी. प्रत्येक जातीचे सहा, म्हणजे अठरा मासे. एवढी गर्दी मुद्दाम करायची, कारण संख्या पुरेशी असली की राजाचा राग एकाच माशावर निघत नाही, वाटला जातो. एका नरामागे तीन माद्या असाव्यात. ऑराटस आणि केनी हे म्बुना लहानपणी फार देखणे दिसतात आणि ‘मिक्स’मध्ये हमखास असतात, पण मोठे झाले की टाकी ओस पाडतात. केनीचं तर गंमतशीर आहे, पिल्लं आणि माद्या निळ्या, नर मोठा होऊन पिवळा होतो. लोक पिवळा बघून येलो लॅब समजतात. व्हीनस्टस २० सेंटिमीटरच्या वर वाढतो, दुकानदार तो बोटाएवढा असताना विकतो. ‘मिक्स’मधले कितीतरी संकरितही असतात, त्यांचा स्वभाव कसा निघेल हे कुणालाच सांगता येत नाही.

नवा मासा सोडायचा असेल तेव्हा आधी दगडांची मांडणी मोडून पुन्हा रचा आणि दिवा बंद ठेवा. सगळ्यांच्याच हद्दी पुसल्या जातात, मग नव्याला कुणी उपरा समजत नाही.

खाण्यात एकच मोठी चूक होते. म्बुना खडकावरचं शेवाळ आणि त्यातले बारीक जीव खरवडून खातात, त्यांचं आतडं लांब असतं. त्यांना रोज ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे), सुकवलेली कोळंबी असं मांसाहारी खाणं दिलं की पोट फुगतं, खाणं तोंडातून थुंकतात, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा दिसते. तिथवर पोचल्यावर वाचलेले मासे मी फार थोडे पाहिलेत. स्पिरुलिनाचं (एक प्रकारच्या शेवाळाचं) खाणं द्या, दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं पान. आठवड्याचा एक दिवस उपास.

उपासावरून आठवलं. येलो लॅबची मादी अंडी तोंडात घेते आणि सुमारे तीन आठवडे काहीही खात नाही. आमच्याकडे हे पहिल्यांदा माझ्या आईच्या लक्षात आलं. ती रोज सकाळी टाकीसमोर बसून जप करते. म्हणाली, ‘अरे, हिचे गाल बघ, आणि ही खायला येतच नाही, आजारी आहे का?’ आजारी नव्हती, तोंडात अंडी होती. आई मग रोज विचारायची, ‘सुटला का हिचा उपास?’ बाविसाव्या दिवशी मादीने दगडाच्या फटीत अकरा पिल्लं सोडली. भिगवणच्या बाजारात उजनीची चिलापी मिळते ना, तीही मूळची आफ्रिकेची सिक्लिडच, १९५२ साली भारतात आणलेली, आणि तीही अंडी अशीच तोंडात सांभाळते. म्हणूनच ती इतकी पसरली. टाकीतला एकही मासा कधी विहिरीत, नदीत, तलावात सोडू नका, मग तो किती का मोठा झालेला असेना.

आपल्याकडचा उन्हाळा आणि वीज यांची तयारी आधीच करा. मे महिन्यात टाकीचं पाणी ३२ अंशांवर जातं आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो. झाकण काढून वर जाळी लावा, छोटा पंखा पाण्यावर सोडा; दोन-तीन अंश उतरतात. बाष्पीभवनाने फक्त पाणी उडतं, क्षार मागे राहतात, म्हणून उडालेल्या पाण्याची भर घालायला मात्र आरओचं पाणी चालतं. थंडीत हीटर २५ वर ठेवा. वीज गेली की बॅटरीवरचा एअर पंप हवाच. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) बरेच तास बंद राहिला तर आतलं पाणी सडतं, ते ओतून दिल्याशिवाय पुन्हा चालू करू नका.

तुमच्या गोल्डफिशला यांच्यासोबत ठेवता येणार नाही, त्याला थंड पाणी आवडतं आणि त्याचे लांब पर म्बुना एका दिवसात फाडतील. दोन फुटांत तो एरवीही मावणार नाही, तेव्हा ज्याच्याकडे मोठी टाकी किंवा अंगणातला हौद आहे त्याला द्या. गप्पींना जड पाणी मानवतं, त्यांची एक छोटी टाकी राहू द्या. या आठवड्यात बोअरच्या पाण्याचा पीएच आणि नायट्रेट तपासा, टाकीची नेमकी मापं घ्या आणि इथेच खाली लिहा. मग मल्टी की म्बुना ते ठरवू.